लैलुमाचं माहेर

भाडेकरू कोण असावा यावर आपल्या सोसायट्यांच्या सभेत जेवढं बोललं जातं, तेवढं गळक्या टाकीवरही बोललं जात नाही. दिंडोशीच्या एका सोसायटीत हेच झालं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट संघमित्रा नावाच्या नर्सबाईंचा. त्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेल्या आणि फ्लॅट त्यांनी एका अफगाण जोडप्याला भाड्याने दिला. लैलुमा काबुलमध्ये मुलींना शिकवायची. शाळा बंद झाली, घरी धमक्या आल्या, आणि ती नवरा हमीदबरोबर इथे आली. पोलिसांत नोंद होती, करार रीतसर होता. तरी खजिनदार हर्षद म्हणाला, "उद्या काही झालं तर आपण निस्तरायचं? दुसरी बिल्डिंग बघू दे ना त्यांना." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. फ्लॅट रिकामा करायला सांगायचं ठरलं.

सांगायचं काम सेक्रेटरी नंदकुमारकडे आलं. माणूस भांडणाला घाबरणारा. लैलुमाला आठवा महिना लागला होता, म्हणून त्याने सोपा मार्ग काढला. पहिलं बाळंतपण म्हणजे मुलगी माहेरी जाणारच. तेव्हाच सामान हलवा म्हटलं की कुणाचं मन दुखायला नको.

रविवारी सकाळी तो वर गेला. लैलुमाने चहा दिला. बाळंतपणाला मायके कधी जाणार, असं त्याने हिंदीत विचारलं.

लैलुमा म्हणाली, "मायका काबुल में है, चाचाजी. वहाँ मैं नहीं जा सकती. डॉक्टर कहती हैं, कोई औरत साथ चाहिए. यहाँ किससे कहूँ?"

नंदकुमार चहा अर्धा ठेवून खाली आला. फ्लॅटचं काही बोललाच नाही.

घरी त्याने बायकोला, नीलाला, सगळं सांगितलं. महिनाभर थांबू आणि मग हमीदशी बोलू, असंही म्हणाला. नीला मेथी निवडत होती.

"गार्गीला सातव्यातच घेऊन आलो आपण. तुम्ही स्वतः गाडी घेऊन गेला होतात."

"अगं, ती आपली मुलगी."

"हीपण कुणाची तरी मुलगीच आहे. तिची आई तिथे अडकलीय. ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढणार तुम्ही?"

"हर्षद काय म्हणेल?"

"त्याला म्हणू दे काय म्हणायचं ते. पोलिसांना सगळं माहितीय, भाडं वेळेवर येतंय, कुणाशी भांडण नाही. मग आपण घाबरतोय कशाला? एक कारण सांगा, मी गप्प बसते."

असं तोंडावर विचारणारं माणूस घरात असणं हे भाग्य असतं. ते असतं तोवर त्याचं ऐकून घ्यावं.

नंदकुमारने पुन्हा सभा बोलावली आणि उभं राहून सांगितलं, की मागच्या वेळी आपण चुकलो. फ्लॅट रिकामा करा असं मी त्यांना सांगणार नाही, हवं तर दुसरा सेक्रेटरी नेमा.

"वहिनींनी शाळा घेतलेली दिसतेय," हर्षद म्हणाला. लोक हसले.

"घेतली," नंदकुमार म्हणाला. "घ्यायलाच हवी होती."

मग मुद्दाम सभेला आलेल्या संघमित्राबाई बोलल्या. "मी घर शोधत होते तेव्हा आडनाव ऐकून दोन सोसायट्यांनी मला नाही म्हटलं. तुम्ही हो म्हणालात. म्हणून मला वाटलं, ही बिल्डिंग तशी नाही."

हर्षदने खाली बघतच हळू आवाजात विचारलं, "नाव कुठल्या हॉस्पिटलात घातलंय तिचं? माझी गाडी घरीच असते."

मुलगी झाली. हर्षदच्याच गाडीतून मायलेकी घरी आल्या, पण तिसरा मजला त्यांनी गाठला नाही. नीलाने त्यांना पहिल्या मजल्यावर आपल्याकडे थांबवलं आणि सव्वा महिना त्या इथेच राहतील, असं हमीदला बजावलं. तोही जेवायला खालीच येऊ लागला. हर्षदची आई बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला येऊन बसली. लैलुमाला हळिवाची खीर अजिबात आवडली नाही, तरी तिने ती संपवली. काबुलला फोन लागला, तेव्हा तिची आई आणि नीला एकमेकींची भाषा न कळता खूप वेळ बोलत राहिल्या.

हर्षद दारातून म्हणाला, "काय सेक्रेटरी, त्यांचा फ्लॅट रिकामा करायला निघालात आणि तुमचाच भरला की!"

मित्रहो, जीव वाचवायला घर सोडून आलेल्या माणसाला कागदपत्रं एखादं कार्यालय देईल. शेजार मात्र आपणच द्यायचा असतो, आणि त्याला सभेचा ठराव लागत नाही. असं कुणी आपल्या इमारतीत आलं, तर ते कधी जाणार हे विचारू नका. त्यांना काय लागतं, ते विचारा.