माइक नाही, नोंद नाही

माझा राग शिळा होत नाही. आई म्हणते, "एवढा डूख धरणं बरं नव्हे गं." मी धरलाय. चांगला वर्षभर जपून धरलाय.

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत मी पहिल्यांदा उभी राहिले. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक रहिवाशाला इथे मत आहे. नियमावलीतच आहे, फक्त आम्हा मुलांना ते कुणी सांगत नव्हतं. मी म्हटलं, तळघरातली रिकामी खोली आम्हाला अभ्यासाला द्या. अध्यक्ष म्हणजे माझे सख्खे थोरले काका. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "माइकवर बोललेलंच इतिवृत्तात येतं. माइक नाही, नोंद नाही. बस खाली!"

सभा फिदीफिदी हसली. चिटणीस आजोबांनी पेन खाली ठेवलं. आणि माझे बाबा दुसऱ्या रांगेत स्वतःच्या चपलांकडे बघत बसले. दादापुढे त्यांनी जन्मात कधी ब्र काढला नव्हता.

वर तोंडाला पानं पुसायला काकांनी मला युवा प्रतिनिधी केलं. काम काय, तर सभेतला एकुलता एक माइक काकांचं बोट जिकडे वळेल तिकडे नेऊन द्यायचा. सोसायटीच्या पत्रिकेत माझा फोटो आला, हातात माइक आणि तोंड बंद. खाली ओळ होती, 'तरुणाईचा सक्रिय सहभाग'. तो फोटो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि रोज कपडे घ्यायला दार उघडलं की काकांना मनसोक्त शिव्या घातल्या.

खोली मात्र आम्ही सोडली नाही, परवानगीशिवायच वापरायला घेतली. घरोघरी टीव्ही, तान्हं बाळ, खोकणारी आजी. पुस्तक उघडायचं कुठे? आम्ही जळमटं काढली, भिंती रंगवल्या, मोडक्या बाकांना पाय बसवले. माझा अख्खा अभ्यास तिथेच झाला. खोली नीट झाली आणि मग काकांना ती दिसली. यंदाच्या सभेपुढे ठराव आला, तळघरातली खोली व्यायामशाळेसाठी द्यावी. कुणाला? काकांच्या जावयाला! आयत्या बिळावर नागोबा.

"आपण अर्ज देऊ या," माझी मैत्रीण चष्मिस म्हणाली.

"अर्ज गेला खड्ड्यात. तू फक्त अठरा झालेली पोरं जमव. या, बसा, हात वर करा. माइक येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही."

"आणि माइक कोण देणार?"

मी नुसतं बघितलं तिच्याकडे. तेव्हा कुठे तिची ट्यूब पेटली.

सभेला मागच्या सगळ्या रांगा पोरांनी भरल्या. काका खूश झाले, म्हणाले, "वा, तरुणाई!" त्यांनी ठराव घाईघाईने वाचला आणि चर्चेसाठी माइक माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघताच. खुंटीला कोट अडकवतात ना, तसा.

त्यांचं बोट पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्त्यांच्या दोस्ताकडे वळलं. मी सरळ मागे गेले.

चष्मिस बोलली. मग नर्सिंगच्या परीक्षेला बसलेली ती वरच्या मजल्यावरची. मग तिची आई. आजोबांचं पेन भराभर चाललं होतं. काकांचं बोट आधी हललं, मग अख्खा हात हवेत. "अगं ए! इकडे आण तो!"

मी माइक जावईबापूंना दिला. मुद्दाम. जावईबापू गोंधळून म्हणाले, "पण सासरेबुवा तर म्हणाले होते की सगळं आधीच ठरलंय. मी मशिनंसुद्धा सांगून बसलोय."

ते माइकवर आलं. आजोबांनी ते लिहिलं. सभेत कुजबुज सुरू झाली आणि मला असं काही बरं वाटलं म्हणून सांगू!

काका उठून उभे राहिले. ओरडत होते, पण सभेच्या वाढलेल्या गलक्यात ऐकू कुणाला जाणार? ते आजोबांकडे वळले. "चिटणीस, लिहा! माझी हरकत आहे!"

"माइकवर बोला, अध्यक्ष," आजोबा मान वर न करता म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

तेवढ्यात दुसऱ्या रांगेत एक हात वर झाला. धड वरही नाही, कानापर्यंतच. बाबांचा.

बाबा काय बोलणार ते मला माहीत होतं. आजवर दादाची री ओढण्यापलीकडे त्यांनी केलं काय होतं? माइक नाही दिला तर? मी नुसती उभी राहिले. पण पोरं बघत होती, आणि बाबांचा हात खाली येत नव्हता. मी दिला.

बाबा खाकरले. ते खाकरणंही सभागृहभर घुमलं.

"दादा," ते म्हणाले, "तू खाली बस. पोरांचं बोलून होऊ दे."

काका आधी बाबांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आणि बसले. खरंच बसले हो!

मी माइक हातात घेतला. "मतदान घ्या." माइकवर आलं म्हटल्यावर आजोबांनी घेतलं. मागच्या रांगांत हातांचं रान उगवलं. ठराव पडला, खोली आमची राहिली.

मग मी काकांसमोर गेले आणि माइक त्यांच्या तोंडाशी धरला. याचसाठी तर वर्षभर थांबले होते. "आता बोला, काका."

त्यांनी माइक हाताने बाजूला सारला.

चिटणीस आजोबांनी घसा साफ केला. "एक विचारायचं होतं. धाकट्या भावाने अध्यक्षांना खाली बसायला सांगितलं, हेही इतिवृत्तात घेऊ का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. नको म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं.

"माइकवर आलंय ना, आजोबा?" मी म्हटलं. "मग घ्या की."