शांत खोलीची चावी

कुलूपवाल्याच्या बायकोने एखादी गोष्ट मनावर घेतली की घेतली. मग ओट्यावर भाजीऐवजी रंगीत कागद कापले जातात, नवऱ्याच्या दुकानाच्या शटरवर पत्रकं चिकटतात, आणि झोपेतसुद्धा ती "खुर्च्या कमी पडतील हो" असं बडबडते. या खेपेला तिने मनावर घेतलं होतं मुलांचं मनच.

झालं होतं असं, की ती शाळेच्या वाचनालयात कामाला होती आणि तिथे एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत कपाटामागे येऊन बसायचा. हिला वाटायचं, वा! काय वाचनाची आवड! पोरगं वाचत नव्हतं, लपत होतं, हे फार उशिरा कळलं. त्या दिवशी घरी येऊन ती ढसाढसा रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "कार्यक्रम करायचा. सगळ्या वस्तीसाठी. मुलांच्या मनातलं मोठ्यांना कळलंच पाहिजे."

कुलूपवाला "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? लग्नाच्या दिवसापासून तो "बरं"च म्हणत आला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बायकोचा अभिमान होता. लोक दुःख झालं की गप्प बसतात. ही दुःख झालं की खुर्च्या मोजायला लागते.

तर वस्तीच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई बोलायला येणार, चित्रं काढायला मोठाले कागद, बेकरीवाल्याकडून बिस्किटं, आणि सूत्रसंचालनही बेकरीवाल्याकडेच, कारण माईक मिळाला नाही तर तो बिस्किटं देणार नाही अशी सगळ्यांना भीती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सुचवलं होतं, की गर्दीत काही मुलांचा जीव घाबरा होतो, त्यांच्यासाठी एक शांत खोली ठेवा. सभागृहामागची अडगळीची खोली रिकामी केली. उशा टाकल्या, रंगखडू ठेवले. दारावर बायकोने स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पाटी लावली: "वाटेल तेव्हा आत या. इथे कुणी काही विचारणार नाही."

कुलूप अर्थातच कुलूपवाल्याने बसवलं. आतून मुलांना फिरवता येईल अशी खिट्टी, आणि कुणाला काही झालंच तर बाहेरून चावी. स्क्रू हातात धरून उभी होती त्याची लेक. तिला सगळे मुंगी म्हणायचे, कारण ती तिसरीतल्या मुलींच्या मानाने जरा लहानखुरी होती आणि सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची.

"बाबा, आतून लावलं तर बाहेरून कुणालाच उघडता येणार नाही?"

"कुणालाच नाही. फक्त मला. चावी माझ्या खिशात."

"मग तू उघडशील?"

"विचारल्याशिवाय नाही उघडणार."

"शब्द?"

"शब्द," तो म्हणाला आणि खिट्टीला तेलाचा थेंब सोडला. आपल्या कामाचा त्याला भारी तोरा होता. मी बसवलेलं कुलूप आजवर कधी अडकलं नाही, असं तो चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगायचा. एकदा कुणीतरी "अडकतं की कधीकधी" म्हणालं, तर दोन महिने त्या माणसाशी बोलला नव्हता.

कार्यक्रमात पहिलं भाषण मुंगीचं होतं. चांगलं छोटंसं, आईनेच लिहिलेलं. "मी माझी प्रत्येक भीती आईला सांगते," अशी त्याची सुरुवात. आठवडाभर आई तिच्याकडून ते पाठ करून घेत होती आणि आठवडाभर मुंगीचं सकाळी पोट दुखत होतं. "भाषणाची गोळी घे, बरं वाटेल," असं म्हणून बाप हसला होता. मुंगी हसली नव्हती. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. देवा रे, मोठ्या माणसांना डोळे कशासाठी दिलेत, कोण जाणे.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. डॉक्टरीणबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. बेकरीवाल्याने माईकवर "हॅलो, हॅलो" करून घसा साफ करून घेतला. बायकोच्या कॉलरला छोटा माईक लावलेला, हातात कागदांची चळत, पायांना चाकं. आणि मुंगी गायब.

सापडायला वेळ लागला नाही. शांत खोलीचं दार आतून बंद होतं. अख्ख्या वस्तीतून त्या खोलीत पहिल्यांदा कोण गेलं, तर आयोजकांचीच लेक!

"मुंगी!" आई दारावर थापा मारत म्हणाली. "आत काय करतेस? का गेलीस? काय होतंय? कुणी काही बोललं का?" आणि वर पाटी: इथे कुणी काही विचारणार नाही.

"पोट दुखतंय," आतून बारीक आवाज आला.

"अगं दोन मिनिटांचं तर भाषण आहे! एकदा बोललीस की भीड चेपेल. सगळे थांबलेत, राणी. अहो, बघत काय उभे राहिलात? चावी काढा!"

कुलूपवाल्याने चावी काढली. खोटं कशाला बोला, त्याने ती कुलुपात घातलीसुद्धा. बाहेर शंभर माणसं खोळंबलेली, बायको रडकुंडीला आलेली, आणि दार उघडणं हा तर त्याचा धंदा. मनगट फिरवायचंच बाकी होतं.

"बाबा," आतून आवाज आला, "तू विचारलं नाहीस."

त्याला एकदम चटका बसल्यासारखं झालं. त्याने चावी बाहेर काढली.

"चुकलं," तो दाराला म्हणाला. "उघडू का?"

"नको."

"बरं." आणि त्याने चावी परत खिशात टाकली.

"बरं काय बरं?" बायको भडकली. "अहो, मी तिची आई आहे!"

"मी कुठे नाही म्हणतो? मी बाप आहे, तरी उघडत नाहीये ना. शब्द दिलाय तिला."

"तुमचा शब्द! आणि माझा कार्यक्रम?"

हे तिच्या तोंडून गेलं आणि तिलाच ते ऐकू आलं. ती दाराला खांदा टेकून खाली बसली, इस्त्रीचे कपडे घालून, थेट फरशीवर. तिची नजर वर पाटीकडे गेली. स्वतःचंच अक्षर ती बराच वेळ वाचत राहिली. मग तिने अजून चालूही न केलेला कॉलरचा माईक काढला आणि नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत टाकला.

"मुंगी, मी काही विचारत नाही," ती म्हणाली. "मी नुसती इथे बसलेय."

मग आत उशी सरकल्याचा आवाज आला. मुंगी दाराच्या पलीकडे अगदी जवळ येऊन बसली असावी.

"वर्गात मी कविता विसरले," ती म्हणाली. "सगळे हसले. बाईपण जरा हसल्या. आता उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो."

"किती दिवस झाले गं?" आईने अगदी हळू विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"खूप. मी तुला सांगणार होते. पण तुला काही सांगितलं की तू ते सगळ्यांना सांगतेस. मी गादी ओली केली ते तू मावशीला सांगितलंस. बेकरीवाल्या काकांनासुद्धा! ते मला बिस्किट देताना हसतात. आणि भाषणात लिहिलंय, मी माझी प्रत्येक भीती आईला सांगते. ते खोटं आहे. मी कसं म्हणू?"

कुलूपवाल्याने बायकोकडे बघितलं. ती रडत होती, पण आवाज न करता, आणि ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला तिची फार माया आली. ही बाई काही वाईट नव्हती हो. तिला वाटायचं, लेकीचं सगळं चारचौघांत बोललं की लेक सगळ्यांची लाडकी होते.

"नको म्हणूस ते भाषण," शेवटी ती म्हणाली. "मी लिहिलं, मीच चुकीचं लिहिलं. आणि हे मी कुणाला सांगणार नाही."

"मावशीला?"

"नाही."

"डॉक्टरीणबाईंना?"

"तू म्हणशील तेव्हा. तुला वाटलं तर आपण मिळून जाऊ त्यांच्याकडे. त्या हसत नाहीत, आणि पोटातल्या गोळ्याचं त्यांना बरंच कळतं."

"बेकरीवाल्या काकांना?"

"त्यांना तर मेले तरी नाही."

आतून खुदकन हसू आलं. मग मुंगी म्हणाली, "मी इथेच बसू?"

"बस ना, राणी. खोली त्यासाठीच तर आहे."

ती उठली, कपडे झटकले, तोंड पुसलं आणि सभागृहात गेली. कुलूपवाला मागोमाग. त्याचा जीव टांगणीला लागला होता, कारण तो आपल्या बायकोला ओळखून होता. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि आज तर तिच्याकडे असा दाखला होता, की सांगितला असता तर अख्खं सभागृह रडलं असतं. डॉक्टरीणबाईंनी टिपून घेतला असता. ज्यासाठी तिने महिनाभर रक्त आटवलं, तेच हे, ताजं ताजं, तिच्याच घरचं. आणि दार सभागृहाला लागूनच होतं. पलीकडे लेक कान देऊन बसली असणार.

"वहिनी, एवढा उशीर?" बेकरीवाला माईकवर गरजला. "आणि आमची छोटी वक्ता कुठाय?"

बायकोने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"मागच्या खोलीचं कुलूप अडकलं होतं," ती म्हणाली. "त्यातच वेळ गेला. आणि लेकीचं भाषण आज नाही. डॉक्टरीणबाई, तुम्हीच सुरुवात करा."

"काय सांगता!" बेकरीवाल्याला तर आयतंच कोलीत मिळालं. "कुलूपवाल्याने बसवलेलं कुलूप अडकलं? अहो, माझ्या दुकानाचं कुलूप यांनीच बसवलंय! मी रात्री झोपू का जागू?"

सभागृहात हशा पिकला. चहाच्या टपरीवरचा तो माणूस, दोन महिने अबोला सोसलेला, खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागला. कुलूपवाल्याचे कान लाल झाले. एरवी असता तर त्याने तिथल्या तिथे सगळ्यांना मागे नेऊन खिट्टी फिरवून दाखवली असती.

तो उभा राहिला. बायको त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एवढी विनवणी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

"हो," तो मोठ्याने म्हणाला, मागच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं. "अडकलं. माझाच हात चुकला."

मग डॉक्टरीणबाई बोलल्या, आणि छान बोलल्या. मधेच एक बाई आपल्या रडव्या मुलाला घेऊन मागे गेली. दार वाजलं, मुंगीचा आवाज आला, "एकटाच येणार का? ये," आणि खिट्टी मऊपणे फिरली. कुलूपवाल्याने ती ऐकली. कसली सुरेख फिरत होती! आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

कार्यक्रम संपला. खुर्च्या एकात एक घालताना जो तो त्याला "कुलूप उघडलं का हो?" विचारून गेला. तो सगळ्यांना हसून "बघतो, बघतो" म्हणत होता. तेवढ्यात मुंगी रंगखडूंचा डबा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

"बाबा, तुझं कुलूप अडकत नाही."

"मला माहितेय."

"मलापण माहितेय. आणि आईलापण." तिने जरा विचार केला. पलीकडे आई एकटीच मोठाले कागद गुंडाळत होती, कुणाशी एक अक्षर न बोलता. "बाबा, त्या चावीसारखी अजून एक करता येते ना?"

"येते की. कुणाला हवीय?"

"आईला दे," मुंगी म्हणाली. "पण तिला सांग, आधी विचारायचं."