तळाचा कोपरा

सुताराची बायको माशांच्या रिकाम्या टाकीत कमरेपर्यंत वाकून तळाच्या कोपऱ्यात ब्रश फिरवत होती आणि सुतार स्टुलावर बसून सूचना देत होता.

“सांध्यात दाब. वरवर नको.”

“दाबतेय.”

“बुडबुडा राहिला की पाणी तिथनंच वाट काढतं.”

टाकी गळू नये म्हणून लावायच्या रेझिनचा वास तिच्या डोक्यात चढला होता.

प्लायवूडची ही टाकी दोनदा भरली आणि दोन्ही वेळा गळली. तीन आठवडे मासे बाथरूममधल्या टबात मजेत होते आणि ही दोघं नवरा-बायको स्वयंपाकघरातल्या मोरीत आंघोळ उरकत होती. वर्षभरापासून सुताराचे हात थरथरत. ब्रश धरला तर टाकीपेक्षा फरशीच जास्त रंगायची. चाळीस वर्षं त्याच्या कामाच्या ज्या खोलीत तिने नुसता चहा नेऊन ठेवला, तिथलं काम असं तिच्या गळ्यात पडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेझिनचा शेवटचा हात वाळला. तिने सतरा बादल्या ओतल्या. तासाभरात टाकीखालचा कागद भिजला.

“तुझा हात हलका पडतो. कितीदा सांगितलं!”

“असेल.”

तिने पाणी उपसलं आणि कंबर धरून भिंतीला टेकून बसली.

सुताराने आत हात घालून सांधे चाचपले. सगळीकडे पातळ, काचेसारखा थर होता. त्या एका कोपऱ्यात मात्र बोटाला जाड उंचवटा लागला. त्याने पटाशीने तो कसाबसा खरवडला. खाली तिरका घुसलेला स्क्रू होता, शेजारी प्लाय उकललेलं. बाकीचे स्क्रू जावयाने मशीनने पिळले होते. ‘शेवटचा माझ्या हातचा,’ म्हणून हा सुताराने स्वतः मागून घेतला होता.

“इथे किती हात दिलेस?”

“सगळीकडे दिले तेवढेच.”

निघालेल्या खपलीची कड त्याने उजेडात धरली. बाकीच्यांहून दुप्पट थर होते.

“तुला दिसलं होतं.”

“काय?” ती ओलं फडकं पिळत राहिली.

मग त्याने स्क्रूड्रायव्हर उचलून मुठीच्या बाजूने तिच्यापुढे केला.

“तूच काढ तो. मी बॅटरी धरतो.”

ती गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि टाकीत वाकली. बॅटरीचा उजेड कोपऱ्यात थरथरत होता.

“नीट दिसतंय ना?” त्याने विचारलं.

“पुरतंय,” ती म्हणाली.