पांढरीला खाऊ घालू नका

मित्रांनो, साबणाचा एक जुना साचा तुमच्याशी बोलतो आहे. दिसायला मी साधी लाकडी पेटी. दोन हात लांब, वीतभर खोल, झाकण सैल आणि एका कोपऱ्याला चोचीचे ओरखडे. ते ओरखडे कसे आले, तेच सांगायला बसलो आहे. भित्र्या मुलांनी हवे तर मोठ्या माणसाजवळ सरकून बसावे. अर्थात मोठी माणसेही काही कमी भित्री नसतात, हे मी पाहिले आहे.

सुताराने मला पाळण्याच्या उरलेल्या फळ्यांतून घडवले. म्हणूनच की काय, आपल्या पोटात काहीतरी उबदार असावे अशी मला पहिल्यापासून ओढ होती. ती मावशीने पुरवली. ही मावशी म्हणजे बिट्टीची मावशी. ती साबण बनवायची आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे बिट्टीची आई, पुढच्या खोलीत तो विकायची.

मावशी तेल कोमट करी, त्यात क्षाराचे पाणी हळूहळू सोडी आणि हात भरून येईपर्यंत घोटत राही. मिश्रण दाट झाले की ते माझ्यात ओतून झाकण लावी आणि मला दोन जाड रजयांत गुंडाळून ठेवी. मग खरी गंमत सुरू होई. खाली विस्तव नाही, वर ऊन नाही, तरी मी आतून तापू लागे. तेल आणि क्षार एकमेकांत मुरतात, त्याची ती ऊब. मावशी रजईला कान लावून बसे. आत काय ऐकू येई, ते तिने कुणाला सांगितले नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी वड्या कापून त्या चांगल्या महिनाभर मांडणीवर पिकायला ठेवत. मावशी वडीला जिभेचे टोक लावून पाही. चटका बसला नाही, तरच ती वडी दुकानात जाई. तो साबण मऊ होता, वासाला साधा होता. फेस मात्र बेताचाच. यायचा आणि पाण्याबरोबर निघून जायचा.

तेवढ्यावरून माशी शिंकली. एक दिवस धाकटी चिडून आत आली.

"ताई, आज पुन्हा तिघीजणी वडी परत देऊन गेल्या. फेस येत नाही म्हणे."

"फेस म्हणजे स्वच्छता का गं?"

"ते तू अख्ख्या गल्लीला समजावत बस. तोवर मी दुकानाला कुलूप लावते."

मावशीने खूप दिवस दम धरला, पण शेवटी तिनेही मान तुकवली. मग एक पिंप आले. त्यात पांढरी भुकटी होती, सोबत निळा रंग आणि नाकात बसणारा वास. कालवायचे, दाबायचे, की झाली वडी. घोटणे नको आणि पिकवणे नको. पहिला घाणा माझ्यातच भरला. सवयीने मावशीने मला रजईत गुंडाळले आणि कान लावला.

मित्रांनो, मी तापलोच नाही. माझ्या पोटात ते निळे काहीतरी गार पडून राहिले. मावशीने कान काढला, हाताने झाकण चाचपले आणि उठून गेली. मला तेव्हा फार भीती वाटली.

लवकरच पत्र्याचे चकचकीत साचे आले आणि माझी रवानगी मागच्या दाराबाहेर, सांडपाण्याच्या नालीशेजारी झाली. तिथून उताराखालचे तळे स्पष्ट दिसते. नाली तळ्यातच उतरते. गल्लीतल्या इतर घरांच्या नाल्याही तिथेच येतात.

निळी वडी हातोहात खपली. आता घरोघरी फेस येऊ लागला. पण हा फेस जाईना. नालीतून तो उतारावर उतरे, तळ्याच्या काठाला साचे आणि तिथेच बसून राही. वारा पडला की तो उलटा वर चढताना मी पाहिला आहे. आधी बेडूक गप्प झाले. मग पाण्यावरून पळणारे किडे बुडाले. सगळे तळे श्वास रोखल्यासारखे शांत झाले. धाकटी मात्र खुशीत होती. "बघ, किती शांत वाटतं आता," ती म्हणायची.

बिट्टीची दोन बदके होती, तांबडी आणि पांढरी. बिट्टी रोज शाळेतून आली की काठावर उभी राहून त्यांना हाक मारी. तिचे हात त्या दिवसांत लाल झाले होते. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. खाजवू नको म्हणून आई ओरडायची आणि पुन्हा त्याच निळ्या वडीने हात धुवायला लावायची.

एका संध्याकाळी बिट्टी दारात येऊन म्हणाली, "मावशी, आज तांबडी भिजली."

"पाण्यात राहतं ते भिजणारच की," आई हसली.

मावशी हसली नाही. "बदक कधी भिजत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही बदके पाण्यात होती. पण ती तरंगत नव्हती, जरा आत रुतल्यासारखी दिसत होती. बिट्टीने हाक मारली, तशी ती वळली. मग खुर्चीत सावकाश बसावे, तशी पांढरी पाण्यात बसत गेली. पंखांची फडफड नाही, आवाज नाही. शेवटी नुसती चोच उरली, आणि तिच्यावरून फेस सरकला.

बिट्टी गुडघाभर पाण्यात शिरली. तांबडी तेवढी तिच्या हाताला लागली.

ती ओरडत वर आली, तेव्हा मावशीच्या हाताशी मीच होतो. तिने त्या गारठलेल्या, निथळणाऱ्या जिवाला पुसून माझ्यात ठेवले, वरून रजया घातल्या आणि कान लावला. बिट्टी शेजारी बसून राहिली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग माझ्या कोपऱ्यात काहीतरी ओरखडले. आणि हळूहळू, कितीतरी दिवसांनी, मी आतून तापू लागलो.

"जिवंत आहे," मावशी म्हणाली. "बदकाच्या पिसांना तेल असतं गं. त्यावर पाणी ठरत नाही. आपल्या फेसानं ते तेल धुऊन नेलं."

बिट्टीने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मग माझंही तेल गेलं का?"

धाकटीने तोंडाला पदर लावला. मग ती तशीच उठली आणि ते पिंप नालीकडे लोटू लागली.

"तिथे नको!" मावशी किंचाळली. "अजून किती पाजायचं त्या तळ्याला?"

पिंप बंद करून विकणाऱ्याला परत केले. आमच्या नालीचे तोंडही मावशीने फिरवले. आता ते पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यात मुरते. "आपला साबण झाला तरी तो तळ्यात नको, माशांना आपला-परका कळत नाही," असे ती म्हणते. मी पुन्हा आत आलो. जुना साबण पुन्हा पिकू लागला आणि बिट्टीच्या भेगा भरत आल्या. तांबडीला नवी पिसे आली, तेव्हा तिला पुन्हा तळ्यात सोडले.

आता जे सांगतो, ते मी मागच्या खिडकीतून रोज पाहतो. तांबडीच्या शेजारी फेसाचा एक गोळा असतो. त्याला पाठ आहे, वर वळलेली मान आहे. वारा आला की बाकीचा फेस विस्कटतो, हा विस्कटत नाही. बिट्टीने हाक मारली की तांबडी वळते. तोही वळतो.

"मावशी, पांढरी आली," पहिल्या दिवशी बिट्टी आनंदाने ओरडली आणि तिने दाणे टाकले. दाणे पाण्यावर तसेच राहिले.

मावशी घरोघर जाऊन निळ्या वड्या परत मागू लागली. कुणी दिल्या. कुणी म्हणाले, "राहू द्या हो, आता कुठे फेस यायला लागलाय." सकाळी त्या घरांतल्या मोऱ्या वाहू लागल्या की पांढरी फुगते. एखादे घर जुन्या साबणाकडे वळले की ती थोडी बारीक होते. मागच्या आठवड्यात तर तिच्यातून पलीकडचा काठ दिसत होता.

"ती गेली तर मला रडू येईल," काल बिट्टी म्हणाली.

"येऊ दे रडू," मावशी म्हणाली. "पण तिला जाऊ दे."

बिट्टीने मुठीतले दाणे फक्त तांबडीपुढे टाकले आणि पांढरीकडे पाठ करून ती घरी आली. एवढ्याशा पोरीला ते किती जड गेले असेल!

मित्रांनो, तुमच्याही मोरीचे पाणी कुठेतरी जाते. आज हात धुतल्यावर जरा थांबा आणि पाहा, फेस जातो की तिथेच बसून राहतो. बसून राहिला, तर तो कुणाची वाट पाहतो आहे ते मला विचारू नका. साबण बदला. आमची बिट्टी जे करू शकली, तेवढे तुम्हीही करा. पांढरीला खाऊ घालू नका.