आमेनबाईचा जबाब

बायकांच्या तुरुंगात ती अकरा वर्षं शिपाई होती, आणि त्यातली दहा वर्षं सगळे तिला आमेनबाई म्हणत. डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून दोन वाक्यं पुटपुटायची, शेवटी आमेन म्हणायची आणि डोळे उघडून बघते तर डब्यातलं काहीतरी गायब. तिचे डोळे मिटले की तिच्या डब्यावर हात मारायचा, ही तिथल्या शिपाईबायकांची जुनी गंमत. तीही हसून सोडून द्यायची. नवरा गेल्यावर ही नोकरी लागली होती. घरी फक्त सासू, गुडघ्यांनी थकलेली आणि जिभेने अजिबात न थकलेली.

ती कैद्यांना मारत नसे. कमरेचा दंडुका तिने अकरा वर्षांत कधी उगारला नव्हता. "प्रभूला आवडणार नाही," एवढंच ती म्हणायची, आणि बाकीच्या जणी "तुझ्या प्रभूला इथे एक पाळी करायला पाठव" म्हणून टाळ्या द्यायच्या.

एका सकाळी चहाच्या रांगेत ब्लेडने एका म्हातारीचं तोंड फोडलं. ब्लेड हे त्या मुलीचं नाव नव्हे. बाहेर असताना तिने कुणाचा तरी गाल ब्लेडने उभा चिरला होता, तेव्हापासून ती ब्लेड. सव्वीस वर्षांची, काडीसारखी, आणि अंगात दहा जणींचं बळ. म्हातारी रांगेत पुढे घुसली, एवढंच निमित्त. ब्लेडने पत्र्याचा मग तिच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. म्हातारीचे दोन दात फरशीवर पडले आणि रांगेतली एक जण ओकली.

आमेनबाईने मागून जाऊन ब्लेडला मिठी घातली. ब्लेडने मान वळवून तिच्या मनगटाचा असा चावा घेतला की दात आतपर्यंत रुतले. तरी तिने मिठी सोडली नाही. बाकीच्या शिपाईबायका धावत आल्या आणि ब्लेडला फरफटत धुण्याच्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या खोलीच्या दाराची कडी कित्येक वर्षं मोडलेली होती. आत मारहाण चालू असताना बाहेरून कुणाला तरी दाराला पाठ लावून उभं राहावं लागे. आमेनबाई मारत नाही म्हटल्यावर ते काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. त्या दिवशीही ती मनगटाला रुमाल गुंडाळून दाराला टेकून उभी राहिली. आत पट्ट्यांचे सपकारे बसत होते. ब्लेड आधी शिव्या देत होती, मग नुसतीच ओरडत होती, मग तिचा आवाज येईनासा झाला. आमेनबाई डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहिली.

घरी सासूने कोमट पाण्याने जखम धुतली.

"कुत्र्याने चावलं तरी एवढं खोल जात नाही गं," ती म्हणाली. "मग? तिला मारलं असेल सगळ्यांनी."

"मारलं."

"तू?"

"मी कधी मारते का, आई?"

"मग तू कुठे होतीस?"

"दाराशी."

"दाराशी काय करत होतीस?"

आमेनबाईने हात मागे घेतला. मग म्हणाली, "दार धरून उभी होते. कडी मोडलीय ना."

सासूने कापूस बाजूला ठेवला. "म्हणजे हात त्यांचे आणि पाठ तुझी," ती म्हणाली. "आणि रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून गाणी म्हणतेस."

आमेनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर राबून, चावा खाऊन घरी यायचं आणि वर हे ऐकायचं! ती न जेवता उठली. पण त्या वाक्याने तिचा पिच्छा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती मोठ्या बाईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई म्हणजे शिपाईबायकांच्या प्रमुख. अंगाने धिप्पाड, मनाने वाईट नव्हत्या, कुणाच्या घरी आजारपण आलं की पाळ्या बदलून द्यायच्या.

"यापुढे मी दार धरणार नाही," आमेनबाई म्हणाली.

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग आत ये. आत कमी पडतातच हात."

"आतही येणार नाही. आणि कुणी मला विचारलं तर मी खोटंही सांगणार नाही."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "आमेन, आपण सगळ्या इथे एकमेकींच्या जिवावर जगतो. उद्या तुझ्या मानेला कुणी हात घातला तर सोडवायला कोण येणार? तुझा प्रभू?"

त्याच आठवड्यात तिची पाळी एकांत कोठड्यांवर लागली. तिथे दोघींनी असावं असा नियम होता, पण दुसरी कधी आलीच नाही. सहा कोठड्यांपैकी एकीतच माणूस होतं. ब्लेड.

ब्लेडला चार दिवसांत कळलं की ही बाई मारत नाही. मग ती हात धुवून पाठीस लागली. गजांतून गरम चहा अंगावर भिरकावला. जेवणाच्या ताटात थुंकून ताट परत दिलं. एकदा मुताचं डबडं तोंडावर रिकामं केलं. "ए आमेन," ती म्हणायची, "कर ना माझ्यासाठी प्रार्थना," आणि आमेनबाईने खरंच डोळे मिटले की गजांतून हात घालून तिचे केस ओढायची. आमेनबाई तोंड धुवायची, गणवेश बदलायची, पुन्हा येऊन उभी राहायची. असे एकोणीस दिवस गेले. मनातल्या मनात ती थोडी शेफारलीसुद्धा. आपण सोसतोय, निभावतोय, प्रभू बघतोय, असं तिला वाटायला लागलं.

विसाव्या दिवशी अंघोळीची वेळ होती. आमेनबाईने कोठडी उघडून ब्लेडला न्हाणीत नेलं. नळाखाली बादली भरत होती. आमेनबाई टॉवेल द्यायला वळली, तेवढ्यात ब्लेडने भरलेली लोखंडी बादली उचलून तिच्या डोक्यात घातली. कपाळ नळावर आपटलं, भुवई फुटली आणि डोळ्यांत रक्त उतरलं. ब्लेडने केस धरून तिचं तोंड शेजारच्या हौदात दाबलं आणि पाठीवर गुडघा रोवला. नाकातोंडात पाणी गेलं. आता आपण मरणार, हे आमेनबाईला अगदी स्वच्छ कळलं. ओरडून उपयोग नव्हता, दुसरी कुणी नव्हतीच.

तिचा हात कमरेला गेला.

पहिला फटका मागे, कुठे लागला ते कळलंच नाही. पकड सुटली. ती खोकत वळली आणि दुसरा फटका खांद्यावर मारला, हाड मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्या फटक्याला ब्लेड फरशीवर आडवी पडली. इथे थांबता आलं असतं. ब्लेडचा एक हात लुळा पडला होता, दुसरा तिने तोंडापुढे धरला होता. "बस बाई," ती म्हणाली. "बस." आमेनबाईने ते ऐकलं. ऐकून मारलं. हातावर मारलं, हात बाजूला झाल्यावर तोंडावर मारलं. चहा, थुंकी, ते डबडं, एकोणीस दिवस मुकाट सहन केलेली एकेक गोष्ट तिच्या दंडात उतरली होती. जबडा मोडून एका बाजूला सरकला तरी ती मारत होती. दंड भरून आला म्हणून ती थांबली, दुसरं कारण नव्हतं.

आणि बरं वाटलं. हे तिने पुढे कुणालाच नीट सांगितलं नाही, पण ती भिंतीला टेकून बसली तेव्हा तिला अंगभर हलकं, छान वाटत होतं.

मोठ्या बाई आल्या, ब्लेडला स्ट्रेचरवर घालून इस्पितळात पाठवलं आणि आमेनबाईला मिठी मारली. "मला वाटलं होतं, तू मरशील गं एखाद्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. सगळ्या जणी जमल्या. कुणी चहा आणला, कुणी तिच्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळला. "आज खरी आमच्यातली झालीस!" एक जण म्हणाली. अकरा वर्षांत तिला इतकं प्रेम कुणी दिलं नव्हतं.

कागद तयार होता. कैदी ओल्या फरशीवर पाय घसरून पडली, तोंड हौदाच्या कडेवर आपटलं. खाली सही करायची होती.

"सोमवारी करते," आमेनबाई म्हणाली. "आता हात उचलत नाही."

रविवारी भुवईला सहा टाके घेऊन ती चर्चमध्ये सासूशेजारी बसली. प्रभुभोजनाचं ताट बाकावरून हातोहात पुढे येत होतं. तिच्यापर्यंत आलं तेव्हा, पाप उरात ठेवून घेऊ नये म्हणून, तिने भाकरीचा तुकडा उचलला नाही, ताट तसंच सासूकडे दिलं. सासूने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि आपला तुकडा घेतला.

उपासनेनंतर तिने पाळकांना गाठून सगळं सांगितलं. पाळक भला माणूस होता, आणि घाबरट होता.

"बाई, ती आधी तुमच्या जिवावर उठली," ते म्हणाले. "प्रभूपुढे मोकळं करा मन. तो क्षमा करतो. कागदावर कशाला लिहायला हवं? नोकरी गेली तर सासूबाईंचं काय?"

"पहिले दोन-तीन फटके जिवासाठी होते," ती म्हणाली. "त्यानंतरचे नव्हते. ती बस म्हणाली होती. आणि पाय घसरला म्हणून मी सही केली तर मी कुणाची क्षमा मागतेय, पाळकसाहेब? फरशीची?"

पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ती बरीच लांबली.

सोमवारी तिने मोठ्या बाईंचा कागद बाजूला सारून कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. मी मारलं. ती खाली पडल्यावर, बस म्हणाल्यावर मारलं. आधी तिने मला पाण्यात दाबलं होतं. दोन्ही खरं आहे. कागद तिने थेट अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि आवक शिक्का मारून घेतला.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत तिच्या डोक्यावर मागून टॉवेल पडला. तिघी होत्या. तोंड दिसत नसलं तरी चपलांवरून तिने तिघींना ओळखलं. पोटात गुडघे बसले, बरगड्यांवर लाथा बसल्या. भुवईचे टाके उसवले आणि टॉवेल भिजला. "आता कर आमेन!" एक जण रडत रडत ओरडत होती. "आमच्या पोरांच्या पोटावर पाय देतेस?" आमेनबाईने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. उलटून मारावंसं तिला वाटलं नाही असं नाही. एकीचा पाय हातात आलाही होता. तिने तो सोडला. प्रार्थना म्हणायचा प्रयत्न केला, पण सगळे शब्द विसरायला झाले होते. ती नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणत राहिली, लहान पोर आईला हाका मारतं तसं.

दोन बरगड्या मोडल्या. घरी सासूने ते सगळं पाहिलं, ऐकलं आणि ती चक्क चिडली.

"अगं, मी एक बोलून गेले तर तू लगेच नोकरीच घालवायला निघालीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, पाठ माझी म्हणून?"

"म्हणाले! म्हातारी माणसं शंभर गोष्टी म्हणतात!" असं म्हणून सासू रडायला लागली. रडता रडताच तिने पाण्याचा पेला सुनेच्या ओठांना लावला.

चौकशी चार महिने चालली. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा आमेनबाईने दाराचंही सांगितलं, आणि ते धरणारी मीच होते हेही. मोठ्या बाईंची बदली झाली. धुण्याच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं गेलं. आमेनबाईची नोकरी गेली. आधी हल्ला ब्लेडने केला होता म्हणून ती स्वतः गजांआड गेली नाही, एवढंच. एका इस्पितळाच्या धोबीखान्यात तिला चादरी धुवायचं काम मिळालं. रक्ताच्या चादरी गार पाण्यात आधी भिजवायच्या असतात, हे ती नव्याने शिकली.

दर शनिवारी ती तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत जाऊन उभी राहू लागली. ब्लेडला भेटायला कधीच कुणी येत नसे. पहिल्या शनिवारी ब्लेडने निरोप पाठवला, मर. पुढचे सहा शनिवार तेवढाही निरोप आला नाही. आठव्या शनिवारी ती आली आणि जाळीपलीकडे बसली. जबडा वाकडा जुळला होता. बोलताना लाळ गळायची, ती बाहीने पुसायची.

"मी तुझी माफी मागायला आले," आमेनबाई म्हणाली. "तू बस म्हणालीस, मी ऐकलं होतं. तरी मारलं."

"माहितीये," ब्लेड म्हणाली. "मी पण तुला मारूनच टाकणार होते."

"माहितीये."

आमेनबाईला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटत होतं, प्रभूबद्दल, दयेबद्दल. पण त्या जबड्यासमोर एक शब्द फुटेना.

"माफ-बिफ नाही करणार मी," शेवटी ब्लेड म्हणाली. "उगाच आशेवर राहू नकोस."

"बरं."

"आणि ते डोळे मिटून पुटपुटणं माझ्यापुढे नको."

"नाही करणार."

घंटा वाजली. ब्लेड उठली, दोन पावलं गेली आणि मान न वळवता म्हणाली, "इथला पाव मला चाववत नाही. पुढच्या शनिवारी केळी आण. पिकलेली आण."