पाठमोरा

अकोल्याच्या मे महिन्यात माणसाचं डोकं तापायला निमित्त लागत नाही, पण कुलदीपला ते भरपूर मिळालं होतं. ज्या ग्राफिक्स कार्डासाठी तो वर्षभर झुरला होता, ते अमरावतीच्या देवमनच्या दुकानातून घरी आलं आणि त्याच दिवशी घरात रुसवाफुगवी सुरू झाली.

त्यात त्याचा काय गुन्हा होता? रविवारी तो कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून बसला होता. जुनं कार्ड काढून, फुंकर मारून धूळ उडवून नवं कार्ड खाचेत बसवत होता. अशा वेळी हात हलला तर सगळंच मुसळ केरात. नेमके तेव्हाच मूर्तिजापूरहून बायकोचे, म्हणजे रागिणीचे वडील, नत्थुजी, लोणच्याच्या कैऱ्या घेऊन आले. कुलदीपचं टेबल भिंतीला लावलेलं, पाठ सगळ्या घराकडं. "बसा मामाजी, आलोच," असं तो म्हणाला होता. नक्की म्हणाला होता. मग कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकणं आलं, मग गेम लावून पाहणं आलं, आणि गवताची पातीन् पाती वेगळी दिसायला लागल्यावर कोण उठेल? नत्थुजी मागच्या पलंगावर बसले, पाणी प्याले आणि निघून गेले.

"माह्या बाबानं तुमच्या पाठीले रामराम केला," रागिणी म्हणाली. "दारातून परत एकदा केला. तुमी वळून नाही पायलं. जाऊन माफी मांगा, नाहीतर मी मूर्तिजापूरले गेलीच समजा."

"माफी? काहून? जवाई हाओ मी त्यांचा, नोकर नाही!" कुलदीप कडाडला, तेही पडद्याकडं बघतच.

त्याच संध्याकाळी त्याला तो दिसला. शर्यतीच्या गेममध्ये रस्त्याच्या कडेला प्रेक्षक ओरडत होते, हात नाचवत होते, आणि त्यांच्यात एक जण रस्त्याकडं पाठ करून उभा होता. हात खाली सोडलेले, मान जराशी झुकलेली. काहीतरी चुकलं असेल म्हणून कुलदीपनं दुसरा गेम लावला. किल्ल्यावर सैनिक चढत होते, तोफा धडाडत होत्या, आणि बुरुजाखाली तोच माणूस तसाच पाठमोरा. फुटबॉलच्या मैदानात, तबेल्यात, जिथं माणसाचं कामच नाही अशा समुद्राच्या तळाशीसुद्धा तो होता. जुन्या कार्डावर कधी दिसला नव्हता.

कुलदीपनं त्याला वळसा घातला. डावीकडून गेला, उजवीकडून गेला, पार पलीकडं जाऊन मागं फिरला. माणूस जागचा हलत नव्हता. पण कुठूनही पाहिलं तरी त्याची पाठच दिसत होती.

भीती नंतरची, कुलदीपला आधी राग आला. कार्ड माझं, वीज माझी, आणि हा कोण लागून गेला मला पाठ दाखवणारा! दुसऱ्या दिवशी रजा टाकून, कॅबिनेट मांडीवर घेऊन तो एसटीनं अमरावतीला गेला आणि देवमनच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं तोंडाचा पट्टा सोडला.

"वापरलेला माल नवीन म्हणून खपवला तुमी!"

देवमन मुरलेला दुकानदार. त्यानं शांतपणे वायरी जोडल्या, गेम लावला. "दाखवा. कोण पाठमोरा हाय?"

"हा काय!"

"हा? हा तर समोर तोंड करून उभा हाय न भाऊ." देवमन पडद्याजवळ झुकला. मग त्यानं एकदा कुलदीपकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि मॉनिटर बंद केला. कॅबिनेट त्यानं स्वतः उचलून ऑटोत नेऊन ठेवलं. कार्ड बदलून देतो म्हणाला नाही, भांडलाही नाही. कुलदीपला त्या गप्प बसण्याचा जास्त अपमान वाटला.

घरी आला तेव्हा दुपारचा कूलर घोंघावत होता आणि रागिणीची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्यानं बॅगेकडं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, वायरी जोडल्या आणि गेम लावला. "जायाच्या आधी एवढं पाह्य. देवमन मले येड्यात काढून राहिला. याचं तोंड दिसते का तुले?"

रागिणी त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. वाकून तिनं पडद्यावर निरखून पाहिलं.

"दिसते न," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडंच पाहून राहिला बिचारा. कवाचा उभा हाय हो हा?"

तिचा आवाज ऐकून कुलदीपचा सगळा राग एकदम ओसरला आणि त्याला एवढंच कळलं की ही आता गेली तर आपण या खोलीत त्या माणसासोबत एकटे उरू. त्यानं माऊस सोडला, खुर्ची गर्रकन फिरवली आणि तिच्यासमोर तोंड करून बसला.

"चुकलं माहं, रागिणी. मामाजीची माफी मांगतो. आत्ताच येतो तुह्यासंग मूर्तिजापूरले."

"हे तोंडाकडं पाहून सांगा."

"पाहूनच सांगून राहिलो न!"

रागिणीच्या कपाळाला आठी पडली. ती खुर्चीला वळसा घालून टेबलाच्या बाजूनं आली. तो तिच्यासोबत फिरला. तिचे डोळे त्याला एवढ्या जवळून दिसत होते की त्यातलं पाणीही दिसलं. ती मात्र त्याच्या मानगुटीकडं बघावं तसं बघत होती. मग ती पुन्हा पलंगाच्या बाजूला गेली, तिथून परत टेबलाकडं आली. एक हात पुढं करून तिनं त्याच्या गालाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

"ऐका न," ती म्हणाली, "वळा न इकडं."