अडकलेला?

पोटाच्या भिंतीचे हर्निया मी रोज दहा-बारा तरी बघते, पण सगळे कागदावर. मी डॉक्टर नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावर नोंदींच्या खोलीत बसते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला यादीतला आकडा देते. त्याला कोड म्हणतात, म्हणून मला सगळे कोडबाई म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

हर्नियाबद्दल दोनच गोष्टी बघायच्या. एक, तो बाहेर कुठून आला: बेंबीतून, बेंबीच्या वरून की जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांतून. दुसरी, आता कसा आहे. दाबल्यावर आत जात असेल तर साधा. जात नसेल तर अडकलेला. आतल्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला असेल तर सडलेला. ऑपरेशनचा नंबर या दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे मी टाकलेल्या आकड्यावर लागतो. साध्याला चार महिने थांबावं लागतं, अडकलेल्याला दोन दिवस. सडलेल्याला तिथल्या तिथे आत घेतात, पण तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आमच्याकडे एक नियम आहे. डॉक्टरने एखाद्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकलं असेल तर तो शब्द धरायचा नाही. शंका म्हणजे आजार नव्हे. फार तर कागदाला चौकशीची चिठ्ठी लावून तो परत पाठवायचा, मग डॉक्टर पेशंटला पुन्हा तपासतात. नव्या लोकांकडून हा नियम मीच घोकून घेते.

माझा थोरला भाऊ सुतार. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि महिन्याभरात हा बाबा पुन्हा कपाटं उचलायला लागला. मी कानीकपाळी ओरडत होते, ऐकतोय कोण. जुन्या टाक्यांच्या जागी मुठीएवढा फुगवटा आला. दादाने त्याचं नाव उंडगा ठेवलं. “दिवसभर बाहेर हिंडतो, मी आडवा झालो की मुकाट्याने घरी येतो,” असं सगळ्यांना सांगायचा.

एका रविवारी मी त्याच्याकडे गेले तर वहिनी म्हणाली, “आठ दिवस झाले, आत जातच नाही.”

“उंडगा घरी यायचं नाव काढत नाही,” दादा हसला.

मी त्याला आडवं करून स्वतः दाबून पाहिलं. खरंच जात नव्हता. दुसऱ्या दिवशी हाताला धरून त्याला इस्पितळात नेलं, तपासायला बसवलं आणि माझ्या टेबलावर येऊन बसले. तासाभराने त्याचा कागद माझ्याच पुढ्यात आला. तरुण डॉक्टरने लिहिलं होतं, ‘जुन्या टाक्यांतला हर्निया. अडकलेला?’

दुसऱ्या कुणाचा असता तर मी चिठ्ठी लावली असती. मिनिटभराचं काम. पण महिन्यापूर्वीच शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने आपल्या सासूच्या कागदाला अशीच चिठ्ठी लावली, तेव्हा मी भरल्या खोलीत त्याचे वाभाडे काढले होते. “हे नात्यागोत्याचं दुकान नाही,” असं म्हणाले होते. तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. आता मान वर करून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होता. सकाळी दादाला मीच आणलेलं त्याने पाहिलं होतं.

मी ‘साधा’चा आकडा टाकला.

नियमाने ते बरोबर होतं. नियमाचं मला काही पडलं नव्हतं हेही खरं. त्या माणसासमोर मला माझं नाक कापून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

दादा अधूनमधून फोन करायचा. “नंबर लागला का गं?”

“लागेल. घाई काय आहे?”

“मला कसली घाई? तू आहेस ना तिथे.”

अकराव्या दिवशी सकाळी वहिनी त्याला घेऊन आली. उलट्या थांबत नव्हत्या आणि पोट फळीसारखं कडक झालं होतं. सर्जनने ताबडतोब आत घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. मी इस्पितळातलीच, म्हणून आडपडदा ठेवला नाही. आतडं काळं पडलं होतं, जवळजवळ सगळं काढावं लागलं, विष रक्तात गेलं होतं. “दोन-तीन दिवस,” ते म्हणाले. “कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा.” जाता जाता थांबले. “कागद पाहिला मी. कुणीतरी चौकशीची चिठ्ठी लावायला हवी होती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने डोळे उघडले. वहिनी औषधं आणायला गेली होती. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

“माझ्यासाठी किती जणांना मागे सारलंस?” त्याने हळूच विचारलं.

मला कळेना.

“लोक चार-चार महिने थांबतात. मी आलो काय नि लगेच आत घेतलं काय. मला कळत नाही होय? तुझ्या नोकरीवर नाही ना येणार?”

सगळं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. पण लहानपणापासून या माणसाने माझ्याकडे कधी एवढ्या कौतुकाने बघितलं नव्हतं.

“नाही येणार,” मी म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. मान वळवून तो शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “ही माझी बहीण. हिच्यामुळे माझा लगेच नंबर लागला.”

म्हातारा कोपरावर रेलून उठला. उशीखाली चाचपून त्याने घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. “ताई, माझंही जरा बघता का?”

मी दादाची चादर सारखी करू लागले.

“द्या हो,” दादा म्हणाला. “ती नाही म्हणायची नाही.”